मशीनला जुनेच भाऊ हवे होते

नवीन वर्षात आयुष्य बदलून टाकणारे दहा पॉडकास्ट, असं काहीतरी इथं मिळेल म्हणून तुम्ही आला असाल. वही-पेन काढलं असेल तर आत ठेवा. चहा घेतला असेल तर तो मात्र राहू द्या. मी या जानेवारीत पाच पॉडकास्ट ऐकले आणि पाचही अर्धेच. अर्धे म्हणजे मधेच बंद केले असं नाही. इमानदारीत शेवटपर्यंत ऐकले, पण एका कानानं. दुसरा कान भाऊंचा होता.

भाऊ म्हणजे माझे रूममेट. यवतमाळचे, वय छत्तीस-सदतीस, बायको आणि सहा वर्षांची पोरगी तिकडंच. मी बार्शीकडचा, तेवीसचा, इथलं कॉलेज संपवून वर्क परमिटवर. आम्ही दोघं कॅनडात, व्हिटबी गावात एका बेसमेंटमध्ये राहतो आणि गावाबाहेरच्या एका वेअरहाउसमध्ये माल उचलतो. बस पहाटे पावणेपाचची. माझे इयरबड डिसेंबरात बर्फात पडले. "मार्चमध्ये बर्फ वितळला की सापडतील ना बे," असं भाऊ म्हणाले आणि तोपर्यंत स्वतःच्या जोडीतला डावा मला दिला. माझ्यात जी काही सुधारणा झाली असेल ती डाव्या बाजूलाच बघा.

पॉडकास्टची यादी कनाट्याहून आली होती, ते इकडचंच एक गाव. तिथं भाऊंचा चुलतभाऊ सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्या घरी डिशवॉशर आहे, त्यामुळं त्याला स्वतःवर काम करायला वेळ मिळतो. एकतीस डिसेंबरला त्यानं पाच लिंका पाठवल्या आणि खाली लिहिलं, "न्यू इयर, न्यू यू."

पहिल्या पॉडकास्टमधला माणूस म्हणाला, यशस्वी व्हायचं तर पाचला उठा. भाऊंनी बसमधल्या घड्याळाकडं बघितलं. चार बावन्न झाले होते.

"आपण याच्या पुढं निघून गेलो बे," ते म्हणाले.

दुसऱ्यात एक बाई होती, सारखं श्वास घ्यायला लावायची. चार मोजून आत, आठ मोजून बाहेर. आम्ही दोघांनी बाहेर सोडला तर काच धुरकटली, स्टॉप दिसलाच नाही आणि एक स्टॉप पुढं जाऊन उणे सोळामध्ये मागं चालत आलो. तिसरा म्हणाला, नाही म्हणायला शिका. त्याच दिवशी ओव्हरटाइमला आम्ही दोघंही हो म्हणालो. चौथा मराठीत होता, आवाज साखरेच्या पाकातला. "मित्रांनो, आत्ता, या क्षणी, स्वतःला एक मिठी मारा." आमच्या अंगात स्वेटर, त्यावर हूडी, त्यावर जॅकेट. हात पुढं येऊन एकमेकांना भेटतच नव्हते. भाऊंनी तरी प्रयत्न केला. समोरच्या सीटवरची म्हातारी जागा बदलून बसली.

पाचवा होता आवाजावर. सगळं रामायण त्या पाचव्यानं केलं.

आता हे कळायचं तर आमचं काम सांगायला पाहिजे. आमच्याकडं कागद नसतो, स्क्रीन नसते. कानावर हेडसेट असतो आणि त्यात एक बाई बोलते. ती बाई म्हणजे मशीन. आयल सतरा, म्हणते. आपण सतरा नंबरच्या आयलमध्ये, म्हणजे शेल्फांमधल्या गल्लीत जायचं. शेल्फवर चिकटवलेला नंबर मोठ्यानं वाचायचा, मग ती म्हणते, चार उचला. आपण चार खोकी गाडीवर ठेवायची आणि "फोर" म्हणायचं. मग पुढचं. दहा तास हेच. तिला दमणं माहीत नाही, थँक यू माहीत नाही. तिला आपलं बोलणं कळलं नाही तर ती एवढंच म्हणते, "से अगेन." तिला कळेपर्यंत पुढचं काम मिळत नाही, आणि आपला रेट, म्हणजे तासाला किती खोकी, तो पडत जातो. मी घरी पोळी लाटताना तिचा आवाज काढतो. "आयल दोन. एक पोळी उचला. से अगेन." भाऊ हसायचे.

प्रत्येकाचा हेडसेट वेगळा, वर नावाचं स्टिकर, आणि ही बाई प्रत्येकाचा आवाज वेगळा ओळखते. पहिल्या दिवशी सुपरवायझर आपल्याला बसवते आणि एक ते नऊ, येस, नो, रेडी, असे शब्द चार-चारदा म्हणायला लावते. त्यावरून मशीन आपला आवाज शिकतं. मला त्या दिवशी वाटलं, गंमत आहे. आमच्याकडं जत्रेच्या आधी रिक्षावर कर्णा लावून एक जण फिरायचा, "भव्य! कुस्त्यांचं! जंगी मैदान!" त्या आवाजात मी एक ते नऊ म्हणून टाकले. मशीननं तेच पाठ केलं. तेव्हापासून चौदा महिने, दिवसाला दहा तास, मी कुस्त्यांच्या आवाजात "फोर" म्हणतोय. साध्या आवाजात म्हटलं की "से अगेन." घसा कायम बसलेला. एकदा शिकलं की शिकलं, बदलत नसणार, असं मीच धरून चाललो. कुणाला विचारलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

भाऊंना लीड व्हायचं होतं. लीड म्हणजे पंधरा जणांच्या टोळीचा म्होरक्या. आमची ही उचलाउचली पीआरच्या, म्हणजे इथं कायमचं राहण्याच्या अर्जात धरत नाहीत, लीडची नोकरी धरतात, असं भाऊंना वकिलानं सांगितलेलं. परमिट ऑगस्टपर्यंत. लीड झाले तर वहिनी आणि पोरगी इकडं, नाही झाले तर भाऊ तिकडं.

आमची सुपरवायझर पन्नाशीची पंजाबी बाई आहे, सगळे तिला मॅडमजी म्हणतात. नोव्हेंबरात तिनं भाऊंना बोलावून सांगितलेलं, "काम तेरा बढिया है. लेकिन लीड को सुबह की मीटिंग में पंद्रह लोगों के सामने बोलना पडता है. तेरी आवाज तो जॅकेट के अंदर ही रह जाती है." जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी ती एक नाव वर पाठवणार होती. तोपर्यंत रेट चांगला ठेव, आणि बोलायला शिक, असं म्हणाली.

भाऊंचा आवाज खरंच तसा होता. प्रत्येक वाक्याच्या आधी "सॉरी" आणि शेवटचे दोन शब्द गिळलेले. ख्रिसमसच्या आधी ब्रेकरूममध्ये पॉटलक होता, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा. सगळे जेवून सुस्तावले होते, कुणीतरी म्हणालं कर रे काहीतरी, म्हणून मी मॅडमजींची नक्कल केली, हेडसेटवाल्या बाईची केली आणि मग भाऊंची केली. भाऊ भाताचं भांडं मागतायत, एवढंच. "सॉरी... तो भात जरा... सॉरी, तुम्ही घ्या आधी, मग..." खांदे आत, मान खाली. ब्रेकरूम लोळली. मॅडमजींच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. भाऊ पण हसले. मी बघितलं ना, हसले.

असो. पाचवा पॉडकास्ट. तो माणूस म्हणायचा, आवाज छातीतून नको, पोटातून काढा. सावकाश बोला. वाक्याचा शेवट खाली उतरवा, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय ठेवल्यासारखा. बाकीच्या चारांवर भाऊंनी जोक केले, याच्यावर नाही केला. याचा एकेक भाग ते तीन-तीनदा ऐकायला लागले. वॉशरूममधून आवाज यायचे. "गुड मॉर्निंग, टीम." थांबून, आणखी खालून, "गुड मॉर्निंग, टीम." वरून मालकीणबाईंनी एकदा पाय आपटला.

आठवड्या-दीड आठवड्यात फरक पडला. एका रविवारी वहिनींना फोन लावला आणि भाऊ पोटातून म्हणाले, "काय म्हणते?"

वहिनी म्हणाल्या, "सर्दी झाली का तुम्हाले?"

"नाही. असा बोलून राहिलो आता."

"कायले?"

भाऊंनी माझ्याकडं बघितलं. मी कांदा चिरत होतो, मी बघितलं नाही तिकडं.

आणि मग मशीननं भाऊंना ओळखायचं बंद केलं.

सुरुवातीला दहातून एकदा "से अगेन", मग पाचातून एकदा, मग दर दुसऱ्या खोक्याला. भाऊ शेल्फसमोर उभे आणि पोटातून म्हणतायत, "फोर." से अगेन. "फोर." से अगेन. मग त्यांनी जुना आवाज काढून बघितला, मशीनसाठी जुना आणि माणसांसाठी नवा. पण दोन आवाज घेऊन फिरणं सोपं नाही, मला विचारा. ते मशीनला पोटातून बोलायचे आणि मॅडमजींना म्हणायचे, "सॉरी." रेट धाडकन पडला. शेवटचा शुक्रवार पाच दिवसांवर आला होता.

रविवारी ग्रोसरी करून आलो. भाऊ बूट न काढताच जिन्यावर बसले. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ बुटांवरून ओघळून खाली पांढरं तळं झालेलं.

"सोडून देतो बे तो आवाज," ते म्हणाले.

"मग मीटिंगमध्ये बोलणार कसं?"

"आणि नाही सोडला तर रेट?"

मला खरं तर झोपायचं होतं. दमल्यावर मला आयडिया फार येतात आणि सगळ्या वाईट असतात. मी म्हणालो, "भाऊ, माझं मशीन भरदार आवाज मागतं आणि तुमचं मशीन तुमचा जुना मागतं. तुमच्याकडं आता भरदार आहे. तुमचा जुना माझ्याकडं आहे."

"म्हणजे?"

"हेडसेट बदलायचे."

त्यांनी एक बूट काढला. मग म्हणाले, "चालंल का बे?"

सोमवारी चाललं. मी भाऊंचा हेडसेट घातला, खांदे आत घेतले, मान खाली घातली आणि गिळत-गिळत म्हटलं, "फोर..." बाईनं निमूट पुढचा नंबर दिला. पलीकडच्या आयलमध्ये भाऊ माझ्या नावावर कुस्त्यांचं मैदान गाजवत होते. त्यांना मधूनमधून से अगेन यायचं, पण चालत होतं. मी वयानं लहान, पाय पळतात, त्यामुळं भाऊंचा रेट चढला. माझा थोडा उतरला, पण माझ्याकडं कोण बघतंय.

एक गोष्ट मात्र झाली. भाऊंचा आवाज ब्रेकरूममध्ये एक मिनिट काढणं वेगळं आणि दहा तास काढणं वेगळं. तो आवाज काढायला खांदे आत घ्यावे लागतात, नाहीतर येतच नाही. मंगळवारी दुपारपर्यंत माझी मान आखडली. कुणी समोरून गाडी घेऊन आलं की मी आपोआप बाजूला व्हायला लागलो. एकाला तर उगाच सॉरी म्हणालो, चूक त्याची होती. आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझा घसा दुखत नव्हता, त्या आवाजात घशाला काही कामच नाही. सगळं मानेवर आणि पाठीवर येतं.

बुधवारी साडेअकराला मी आयल बावीसमध्ये होतो. सगळ्यांची जॅकेटं सारखी, टोप्या सारख्या. मागून मॅडमजींचा आवाज आला. त्यांनी भाऊंचं नाव घेतलं. त्यांच्या टॅबलेटवर बावीसमध्ये भाऊच दिसत होते ना.

मी वळायला पाहिजे होतं. पण अडीच दिवस तोंडात तेच बसलेलं. शेल्फकडं तोंड ठेवून मी म्हणालो, "सॉरी... हां मॅडमजी..."

"तेरा रेट देखा मैंने. शाबाश. सुन, कल सुबह की मीटिंग तू लेगा. ट्राय कर. ठीक बोला तो शुक्रवार को तेरा ही नाम भेजूंगी."

समोर टोमॅटोच्या प्युरीची खोकी होती. त्यांच्यावरचा टोमॅटो माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "थँक यू मॅडमजी..." शेवटचं जी गिळलं सुद्धा.

"ओए, इधर देख के बोल ना. यही तो सिखाना है तुझे."

मी वळलो.

त्यांचा चेहरा आधी नुसताच थांबला. मग हेडसेटवरच्या स्टिकरकडं गेला, मग टॅबलेटकडं, मग परत माझ्याकडं. माझ्या कानात बाई म्हणत होती, से अगेन.

दहा मिनिटांनी आम्ही दोघं त्यांच्या छोट्या ऑफिसमध्ये उभे होतो. खुर्च्या होत्या, बसा म्हणाल्या नाहीत. मी सगळं सांगितलं. आवाज बदलला, मशीन ओळखेना, म्हणून. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"मुंह में जबान नहीं थी? वॉइस ट्रेनिंग दोबारा होती है! बीस मिनट का काम है. किसी को जुकाम हो जाए तो भी करते हैं हम. एक बार आ के बोल देते, मॅडमजी, मशीन नहीं समझ रही. बस!"

मी आणि भाऊंनी एकमेकांकडं बघितलं. चौदा महिने कुस्त्या खेळलेला माझा घसा आतल्या आत म्हणाला, बीस मिनट.

"पता है ना, दूसरे के नाम पे काम करने से नौकरी जाती है? किसका आयडिया था?"

मी तोंड उघडलं, पण त्याआधी भाऊ बोलले. पोटातून, सावकाश, शेवटच्या पायरीवर पाय ठेवून. "मॅडम, इट वॉज माय आयडिया. आय टोल्ड हिम. ही इज अ किड."

साफ खोटं. पण असं बोललं गेलं की बाहेरच्या फोर्कलिफ्टवाल्यानं काचेतून वळून बघितलं. एकही सॉरी नाही.

मॅडमजी हळू आवाजात म्हणाल्या, "ये आवाज मुझे कल सुबह चाहिए थी." आणि टॅबलेट उपडा ठेवला. मला चार शिफ्ट घरी बसवलं. दोघांचं नाव रजिस्टरमध्ये गेलं, वॉर्निंग म्हणून. भाऊंचं नाव या शुक्रवारी जाणार नाही. "एप्रिल में देखेंगे. और ट्रेनिंग दोनों की आज ही होगी, चलो."

तिथल्या तिथं मशीनला पुन्हा शिकवलं. भाऊंनी पोटातून एक ते नऊ म्हटले. मी म्हणायला गेलो तर मॅडमजी म्हणाल्या, "नॉर्मल बोल." मला दोन-तीनदा अंदाज घ्यावा लागला.

परत येताना दुपारची बस. बस उन्हात होती पण ऊन नावापुरतंच. भाऊंनी इयरबडची डबी खिशातून काढली, हातात फिरवली, उघडली नाही. ते बोटांवर काहीतरी मोजत होते. एप्रिल, मे, जून, जुलै. ऑगस्टला बोट आल्यावर त्यांनी मूठ मिटली.

"भाऊ, तुम्ही कायले घेतलं अंगावर?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं, थोडं हसवायला.

ते हसले नाहीत.

"तुले माहीत आहे मी आवाजाच्या मागं का लागलो?"

"लीडसाठी."

"लीडसाठी नोव्हेंबरपासून बोलून राहिली होती ती बाई. नोव्हेंबरात लागलो का मी?"

मी हातमोजा काढला, परत घातला.

"त्या पॉटलकले कोणीतरी व्हिडिओ काढला तुझा. ग्रुपवर टाकला. माझा भात मागायचा. एक मिनिट आहे तो. ते पाच पॉडकास्ट राहिले बाजूले, मी तोच ऐकला. वॉशरूममध्ये ऐकला, बसमध्ये ऐकला. तुझ्या कानात तो श्वासवाल्या बाईचा चालू आहे असं तुले वाटायचं ना? कधीकधी मी माझा बड काढून जुना फोन टोपीच्या आत कानाले लावून तो ऐकत होतो. पाठ झाला मले. मी असाच दिसतो का, असाच बोलतो का, हे समजायले. सगळे हसले. मी पण हसलो, नाही हसलो तर काय करू?"

"भाऊ, मला..."

"थांब. तू चांगला करतो बे, हेच तर आहे. खोटं केलं असतं तर मी रागावलो असतो आणि विसरलो असतो. आणि मग तोच आवाज घेऊन तू तीन दिवस माझ्या नावानं फिरला आणि मॅडमनं शाबाश म्हटलं. मले नाही म्हटलं, त्या आवाजाले म्हटलं. मशीनले तोच पाहिजे. आणि बायको म्हणते सर्दी झाली का. आता मी घरी फोन करून काय सांगू? एप्रिल? पोरगी तिकडं वर्गात सांगून बसली का मी कॅनडात चालली म्हणून. नक्कल करायच्या आधी माणूस विचार करते, का याचं काय चालू आहे, याले झोप लागते का. तुले नक्कल दिसली का लगेच तोंड उघडते. अकलेचा भाग नाही!"

बसमध्ये तीनच माणसं होती. तिघंही आमच्याकडं बघत होती. खरं सांगायचं तर इतकं दमलो होतो की डोक्यात एकच शब्द शिल्लक होता. तो मी म्हणालो.

"सॉरी..."

म्हणाल्या-म्हणाल्या मला कळलं. खांदे आत होते. मान खाली होती. शेवट गिळला होता. ते मी मुद्दाम केलं नव्हतं, शपथ.

भाऊ माझ्याकडं असे वळले की त्यांच्या हातातली डबी खाली पडली.

"पुन्हा?" ते ओरडले, आणि हे पोटातूनही नव्हतं आणि जॅकेटच्या आतलंही नव्हतं, हे मी याआधी कधी ऐकलंच नव्हतं. "पुन्हा माझ्याच आवाजात? माझीच माफी मागून राहिला माझ्याच तोंडानं? लाज नाही वाटत? काय, तुझा आवाज नाही का तुले? मघाशी मशीनले दिला ना? तो काढ!"

ड्रायव्हरनं आरशात बघितलं. मी घसा खाकरला आणि तोच शब्द माझ्या आवाजात कसातरी म्हटला. फार बारीक आला, आणि थोडा फाटका.

"परत म्हण," भाऊ म्हणाले.